आधी एक रोबो बंद पाडा, मग चाचणी घ्या

प्रति,
धोक्याच्या जागांसाठी रोबोंच्या तुकड्या विकत घेणाऱ्या आणि त्यांच्या चाचणीचे निकष ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

स.न.वि.वि.

तुमच्या अलीकडच्या निकषपत्रांतून दोन चाचण्या गळाल्या आहेत. एक, काम चालू असताना संपर्क तोडण्याची. दुसरी, काम चालू असताना तुकडीतला एक रोबो बंद पाडण्याची. त्यामागची कारणं अशी दिली आहेत: वेळ फार जातो, महागड्या यंत्राला इजा होऊ शकते, आणि प्रत्येक रोबो सुटा सुटा तपासलेला असतोच, मग पुन्हा तेच कशाला? पहिली दोन कारणं समजण्यासारखी आहेत. तिसरं साफ चुकीचं आहे, आणि त्याच्यामुळेच हे पत्र जाहीरपणे लिहावं लागतंय.

आम्ही या तुकड्या आत पाठवतो, बाहेर बसून चालवतो, परत आल्या की धुतो आणि मोडल्या की दुरुस्त करतो. अणुभट्टीची इमारत असो, वायू साठलेली खाण असो की रसायनाची गळती झालेला कारखाना, रोबो आत अडकला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता कोण जाणार? १९८६ मध्ये चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या छपरावर पडलेले ग्रॅफाइटचे तुकडे हटवायला आधी दूरनियंत्रित यंत्रंच नेली होती. किरणोत्साराने आणि ढिगाऱ्याने ती निकामी झाल्यावर हजारो माणसांना फावडी देऊन वर पाठवलं, एका खेपेला जेमतेम दोन-तीन मिनिटं. त्यांना 'बायोरोबो' म्हणत. यंत्राच्या चाचणीत वाचवलेला वेळ शेवटी कोणाच्या अंगावर जातो, हे त्यावरून कळावं.

आधी थोडा हिशेब. समजा, एका खेपेत रोबो ठरलेलं काम करून धडपणे परत येण्याची शक्यता ९० टक्के आहे. पाच रोबोंमध्ये काम असं वाटलं की पाचही टिकले तरच मोहीम पुरी होईल, तर ती पुरी होण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. एकट्या रोबोपेक्षाही कमी. तेच पाच रोबो, पण कोणतेही चार उरले तरी काम भागेल अशी वाटणी केली, तर शक्यता ९२ टक्क्यांच्या आसपास जाते. यंत्रं तीच, किंमत तीच. फरक पडतो तो एकाच गोष्टीने: पडलेल्याचं काम बाकीच्यांना उचलता येतं की नाही. आणि नेमकं हेच तपासणारी चाचणी तुम्ही काढून टाकली आहे. मग जे हाती येतं त्याला आमच्याकडे एकच म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या.

(९२ टक्क्यांचा हा आकडाही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. पाचही रोबो एकाच रिलेवर (सिग्नल पुढे पोचवणाऱ्या पेटीवर) टांगलेले असतील, किंवा पाचांतही एकाच फर्मवेअरची (यंत्रात भरलेल्या मूळ आज्ञावलीची) एकच चूक असेल, तर पाचही एकदम जातात. पुरवठादाराच्या तक्त्यात ही ओळ कधीच नसते.)

सुट्या रोबोच्या चाचण्यांना आमचा विरोध नाही. आपत्तीत वापरायच्या प्रतिसाद रोबोंसाठी जिने, उतार, अडथळे, रेडिओचा पल्ला अशा प्रमाणित चाचण्या गेली कित्येक वर्षं आहेत आणि त्या चांगल्या आहेत. तक्रार आहे ती त्या किती वेळा घेतल्या जातात याबद्दल. 'सलग तीन यशस्वी फेऱ्या' ही अट ऐकायला कडक वाटते. पण सरासरी पाचातल्या एका खेपेला फसणारं यंत्रसुद्धा सलग तीन फेऱ्या निभावून नेण्याची शक्यता ५१ टक्के असते. असं यंत्र दहापैकी नऊ वेळा तरी पकडलं जावं असं वाटत असेल, तर सलग ११ निर्दोष फेऱ्या मागाव्या लागतात. तीन फेऱ्यांवर सही करणं म्हणजे नाणं उडवून निर्णय घेणं.

आता संपर्काबद्दल. पुष्कळ मोहिमा इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

प्रात्यक्षिक होतं ते मोकळ्या सभागृहात. चालक आणि रोबो एकमेकांना दिसत असतात, मध्ये भिंत नाही, लोखंडी दार नाही. खऱ्या जागी सळयांचं जाड काँक्रीट असतं, जिना असतो, जड धातूची दारं असतात. अशा ठिकाणी रेडिओ हळूहळू क्षीण होत नाही. एक वळण घेतलं की एकदम कोसळतो. म्हणून आत जाता जाता रिले टाकत जावं लागतं. तो टाकण्याची जागा म्हणजे वळणाचा कोपराच, जिथून मागची आणि पुढची दोन्ही अंगं दिसतात. बहुतेक तुकड्यांची आज्ञावली मात्र सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की रिले टाकते. म्हणजे रोबो वळण घेऊन चार पावलं पुढे गेल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. रिले टाकला जातो, पण मागच्या रिलेशी त्याची गाठच पडत नाही. त्यात तो जमिनीवर आडवा पडला की अँटेना ओल्या काँक्रीटला चिकटते आणि कागदावरचा पल्ला प्रत्यक्षात अर्ध्यावरही येत नाही. रिलेला पडल्यावर उभी राहणारी वीतभर-हातभर काठी द्या, एवढी साधी अट निकषात असती तरी पुष्कळ काम झालं असतं.

पुढचा घोळ क्षमतेचा. एकाच रेडिओवर, एकाच चॅनेलवर चालणाऱ्या मेशमध्ये (एकाने दुसऱ्याकडे संदेश पुढे ढकलायच्या जाळ्यात) प्रत्येक टप्प्याला तोच संदेश पुन्हा हवेत जातो. दोन टप्पे झाले की क्षमता निम्मी, तीन झाले की साधारण तिसरा हिस्सा. दाराशी सेकंदाला २० मेगाबिट मिळत असतील, तर तिसऱ्या टप्प्यानंतर सहा-सात उरतात. तिथे तीन रोबोंचे प्रत्येकी ४ मेगाबिटचे कॅमेरे चालू केले, की १२ ची मागणी सात मेगाबिटच्या नळीत कोंबली जाते. चित्र अडकतं ते एक वेळ चालेल. पण संदेशांना अग्रक्रम ठरवलेला नसेल, तर 'थांब' ही आज्ञासुद्धा चित्रांच्या रांगेत मागे उभी राहते. चालक थांब म्हणतो आणि रोबो दोन सेकंद चालतच राहतो. आज्ञा आणि स्थितीचे संदेश काही किलोबिटमध्ये मावतात. त्यांना वेगळी, राखीव वाट हवी. सभागृहात हे कधीच दिसत नाही, कारण तिथे टप्पा एकच असतो.

यालाच जोडून सुरक्षा-ठोक्याचं. ठरावीक वेळात बेस स्टेशनकडून (चालकाच्या बाजूच्या मुख्य संपर्क-केंद्राकडून) ठोका, म्हणजे 'संपर्क आहे' असा संदेश, आला नाही तर रोबोने थांबायचं, हा नियम बरोबरच आहे. पण हा वेळ अर्धा सेकंद ठेवला आणि मेशला नवी वाट शोधायला तीन सेकंद लागत असतील, तर एक रिले हलला की अख्खी तुकडी जागच्या जागी गोठते. मग चालक वैतागून ठोकाच बंद करतो. हे चूक आहे, पण त्याला तिथवर ढकलतो तो चाचणी न झालेला आकडा.

केबलने सगळं सुटतं असंही नाही. फुकुशिमात जाड भिंतींपायी रेडिओवर विसंबता येत नव्हतं, म्हणून क्विन्स या जपानी रोबोला केबल लावली होती. २० ऑक्टोबर २०११ रोजी दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर केबलने दगा दिला, संपर्क तुटला आणि रोबो तिथेच राहिला. केबल कोपऱ्यांना घासत ओढली जाते तेव्हा ओढ बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर दोन काटकोनी वळणांनंतर अडीचपट आणि चार वळणांनंतर साडेसहापट जोर लागतो. म्हणून केबलचा ड्रम बाहेर ठेवायचा नसतो, रोबोच्या पाठीवरच हवा. तो केबल मागे सोडत जातो, ओढत नाही. परतताना केबल गुंडाळणारी मोटर रोबोच्या वेगाशी जुळलेली हवी, नाहीतर सैल पडलेला वेढा रोबोच्या चालण्याच्या पट्ट्याखाली येतो. आणि इथेच तुकडीचा खरा उपयोग आहे. केबलवाला रोबो आतल्या एखाद्या मोक्याच्या जागी जाऊन स्वतःच बेस स्टेशन बनतो आणि बाकीचे त्याच्यापासून बिनतारी हिंडतात. एखादा रोबो फक्त कोपऱ्यावर उभा राहून केबल सांभाळतो. ही कामं कोण, कोणत्या क्रमाने करणार, हे तुमच्या एकाही निकषपत्रात विचारलेलं नाही.

संपर्क तुटलाच तर रोबोने काय करायचं? पर्याय तीन: जागेवर थांबणं, शेवटच्या चांगल्या सिग्नलच्या जागी परतणं, हातातलं काम संपवून मग परतणं. एकेका रोबोपुरता 'परत ये' हा पर्याय शहाणपणाचा. पाचही रोबोंना तोच दिला, तर पाचही एकाच वेळी एकाच दाराकडे निघतात. दार ८० सेंटीमीटर, रोबो ६५ सेंटीमीटर. दोघे समोरासमोर आले की दोघांचीही अडथळा टाळणारी आज्ञावली मागे सरते, मग दोघेही पुढे येतात, पुन्हा मागे. बॅटरी संपेपर्यंत हे चालू शकतं. 'जागेवर थांब' दिलं, तर एक रोबो नेमका जिन्याच्या मधोमध थांबतो आणि वरच्या मजल्यावरच्या दोघांची वाट बंद होते. यावर तोडगे आहेत आणि ते अवघडही नाहीत. आत जातानाच नकाशावर बाजूला सरण्याच्या जागा खुणावून ठेवायच्या. जिना, उंबरठा, अरुंद गल्ली या 'थांबायला मनाई'च्या जागा ठरवायच्या. पहिला हक्क ज्याची बॅटरी कमी त्याला, बॅटरी सारखी असेल तर ज्याच्याकडे न पोचलेली माहिती जास्त त्याला. आणि हे नियम प्रत्येक रोबोच्या पोटात हवेत, बाहेरच्या संगणकात नव्हे. संपर्क तुटल्यावर बाहेरच्या संगणकाला कोण विचारणार?

मेलेला रोबो हा तर निकषपत्रांना पूर्ण अपरिचित विषय. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१० रोजी स्फोट झाला, २९ जण गेले. आत पाठवलेला पहिला रोबो सुमारे ५५० मीटरवर पाणी शिरून बंद पडला. बोगद्यात बंद पडलेलं यंत्र म्हणजे मागून येणाऱ्याच्या वाटेतला धोंडाच. तुम्ही म्हणाल, दुसरा रोबो त्याला ओढून आणेल. जरा पाहू. वीज गेली की मोटरचे ब्रेक स्प्रिंगने आपोआप लागतात. जिन्यावरून घसरू नये म्हणून ते तसेच हवेत. पण त्यामुळे मेलेल्या रोबोचे पट्टे जाम होतात. जाम पट्ट्यांचं यंत्र फरफटवायला लागणारा जोर म्हणजे त्याचं वजन गुणिले घर्षणांक. ओढणाऱ्याला लावता येणारा कमाल जोरही त्याचं वजन गुणिले तोच घर्षणांक. दोघं सारख्याच वजनाचे असतील, तर ओढणारा जागच्या जागी पट्टे फिरवत राहतो. मागून फिरवता न येणाऱ्या वर्म गिअरचं यंत्र असेल तर ब्रेक सोडूनही चाक उलट फिरत नाही.

उपाय लोहारकामाचा आहे, कृत्रिम बुद्धीचा नाही. पुढे आणि मागे, सगळ्या रोबोंवर एकाच उंचीला, ओढण्याची कडी. ब्रेक आणि गिअर सोडवणारी बाहेरची मूठ, दुसऱ्या रोबोच्या पंजात बसेल एवढी मोठी, ओढली की सुटणारी आणि सुटल्यावर तशीच राहणारी. चिखलाने माखली तरी कॅमेऱ्यात दिसेल असा तिचा रंग. आतल्या बाजूला स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा लहानसा खटका दाखवून 'ब्रेक सोडण्याची सोय आहे' असं लिहून देणारे पुरवठादार आहेत, आणि त्यावर बरोबरची खूण करणाऱ्या समित्याही.

नकाशाची तक्रार थोडी वेगळी आहे, कारण तिथे चूक दिसतच नाही. प्रत्येक रोबो आपापला नकाशा काढतो आणि तुकडी ते जोडते. जोड बरोबर बसायचा तर सगळ्यांची सुरुवातीची दिशा एक हवी. एका अंशाची चूक ३०० मीटरवर ५.२ मीटर होते. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिल इथे, जमिनीखालच्या एका प्रचंड खोदकामात, डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेच्या सबटेरेनियन चॅलेंज या भूमिगत रोबो-स्पर्धेची अंतिम फेरी झाली. ६० मिनिटं, ४० वस्तू, बाहेर चालक एकच, आणि वस्तूची जागा ५ मीटरच्या आत सांगितली तरच गुण. म्हणजे दाराशी झालेली एका अंशाची चूक खोलवरच्या वस्तूचा गुण घालवायला पुरेशी. (निवडक तुकड्या, काही वर्षांची तयारी, आणि पहिल्या दोघांना प्रत्येकी २३ गुण. 'पूर्ण स्वयंचलित' हा शब्द माहितीपत्रकात दिसला की हा आकडा आठवावा.)

दाराशी खुणा लावताना त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. दोन खुणा एक मीटर अंतरावर असतील आणि मोजमापात दोन सेंटीमीटरची चूक झाली, तर दिशा एक अंशाहून जास्त चुकते. त्याच खुणा पाच मीटरवर ठेवल्या तर चूक पाव अंशाच्या आत राहते. फुकटचा उपाय आहे, पण चाचणीच्या जागेची आखणी करताना दारासमोर पाच मीटर मोकळी जागा कोणी ठेवत नाही. घड्याळांचंही तसंच. रोबो सेकंदाला ६० अंश वळत असताना लायडर (लेसरने अंतर मोजणारं यंत्र) आणि दिशामापक यांच्या वेळेत ५० मिलिसेकंदांचा फरक असेल, तर तीन अंशांची चूक आयतीच पदरात पडते.

लांब, सरळ, गुळगुळीत बोगद्यात लायडरला पुढे सरकल्याचं कळत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती तशाच दिसतात. एकसारखे मजले असलेल्या इमारतीत दुसरा मजला तिसऱ्यावर चिकटवला जातो. एका रोबोची अशी चूक जोडनकाशात शिरली की पाचही जण चुकीच्या नकाशावर चालू लागतात. म्हणून कोणत्याही एका रोबोची माहिती मागाहून वेगळी काढता आली पाहिजे. आज बऱ्याच तुकड्यांत जोड एकदा बसला की सोडवताच येत नाही. उपाय म्हणजे सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करणं.

किरणोत्साराच्या जागी एक गोष्ट कायम नजरेआड होते. मात्रामापक (किती किरणोत्सार शोषला ते मोजणारं यंत्र) लावला जातो तो पुढच्या रोबोवर, कारण तो जास्त तीव्र जागी जातो. पण तो तिथे असतो किती वेळ? ताशी ५० ग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचं एकक) खोलीत २० मिनिटं काढली तर सुमारे १७ ग्रे. मागे गल्लीत रिले म्हणून आठ तास नुसता उभा असलेला रोबो ताशी ५ ग्रेने ४० ग्रे खातो. साधी बाजारू इलेक्ट्रॉनिक्स शंभर ग्रेच्या आगेमागे बेभरवशाची होऊ लागते, काही भाग त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे तिसऱ्या दिवशी आधी मरतो तो रिले, आणि त्याच्यामागून संपर्काविना सगळे. मात्रामापक प्रत्येक रोबोवर आणि प्रत्येक रिलेवर हवा आणि जागांची अदलाबदल मात्रेच्या हिशेबाने व्हायला हवी. ड्रोनबद्दल थोडक्यात: पंख्यांचा झोत धूळ उडवतो, ती धूळ किरणोत्सारी असेल तर आतापर्यंत स्वच्छ असलेले रोबोही माखतात आणि लायडर आंधळे होतात. ड्रोन आधी की नंतर, हा क्रम लिहून ठेवायची बाब आहे.

स्फोटक वायूच्या जागी नियम आणखी सोपा, पण मोडला जातोच. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तुकडीतले चार रोबो स्फोटरोधक प्रमाणपत्राचे आणि पाचवा साधा असेल, तर ती तुकडी स्फोटरोधक नाही. पंचवीस टक्के नाही, ऐंशी टक्के नाही, नाहीच. टाकलेले रिलेसुद्धा बॅटरीवर चालणारी विद्युत उपकरणंच आहेत, पण प्रमाणपत्रांच्या यादीत त्यांचं नाव शोधून सापडत नाही. 'वायू वाढला की रोबो आपोआप बंद होतो' हे उत्तर आम्ही ऐकलं आहे. बंद झालेल्या रोबोच्या पोटात भरलेली बॅटरी तशीच असते, आणि तो आता वाटही अडवून बसलेला असतो. इशाऱ्याची पातळी स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर, म्हणजे अर्धा टक्का मिथेनवर ठेवा आणि त्या पातळीला रोबो बंद न पडता मागे फिरेल असं पाहा.

किरकोळ वाटणाऱ्या आणखी दोन गोष्टी. बदली आलेल्या रोबोत नवं फर्मवेअर असतं आणि तो जुन्या मेशमध्ये शिरतच नाही. सगळ्या तुकडीची आवृत्ती एक, आणि ती गोठवलेली हवी. दुसरं, धुणं. उघड्या तारांचे जुडगे, वेल्क्रो, खाचांमध्ये बसवलेले स्क्रू यांतून दूषित धूळ निघत नाही. असा रोबो एका खेपेनंतर कचरा होतो, मग त्याची किंमत कितीही असो.

आमच्या मागण्या अशा.

१. गाळलेल्या दोन्ही चाचण्या निकषात पुन्हा आणा. संपर्क तोडायची वेळ परीक्षकाने ठरवावी, पुरवठादाराला आधी सांगू नये. बंद पाडायचा रोबोही चिठ्ठी टाकून निवडावा. रिले म्हणून उभा असलेला आणि नकाशे जोडणारा रोबोही त्या चिठ्ठ्यांत असावा. चाचणी संपेपर्यंत कोणीही आत जाऊन काहीही उचलायचं नाही.

२. जागा खरी असावी: निदान तीन काटकोनी वळणं, एक जिना, एक बंद धातूचं दार, अंधार आणि फरशीवर पाणी. सभागृहातली फेरी प्रात्यक्षिक म्हणून खुशाल ठेवा, गुण देऊ नका.

३. सलग ११ निर्दोष फेऱ्या. एक फसली तर कारण शोधून, दुरुस्त करून, पुन्हा एकपासून. एवढा वेळ नसेल तर रोबोंकडून मागायची कामं कमी करा, फेऱ्या नको.

४. मेलेल्या रोबोला दुसऱ्याने जिन्याच्या पायथ्यापासून दारापर्यंत आणून दाखवावं. कडी आणि मूठ यांची उंची व माप निकषातच लिहा, म्हणजे वेगवेगळ्या पुरवठादारांचे रोबोही एकमेकांना ओढू शकतील.

५. संपर्क तुटल्यावरचे नियम पुरवठादाराने साध्या भाषेत, एका पानावर लिहून द्यावेत. रोबो त्या पानाप्रमाणे वागला नाही तर फेरी फसली असं धरावं, मोहीम पुरी झाली असली तरी.

६. स्फोटरोधक प्रमाणपत्र आणि मात्रामापक प्रत्येक नगाला, रिले धरून.

७. 'चालक एक' असं लिहिताना बॅटऱ्या बदलणारे, केबल सांभाळणारे, नकाशा तपासणारे आणि धुणारे हातही मोजा. एकाच वेळी दोन रोबोंनी मदत मागितली तर एकटा चालक काय करतो, हे फेरीत मुद्दाम घडवून आणा.

८. फसलेल्या फेऱ्यांच्या नोंदी प्रसिद्ध करा. पुरवठादाराचं नाव झाका हवं तर. कोणता भाग, कोणत्या मिनिटाला, कशामुळे गेला, एवढं कळलं तरी पुढच्या तुकडीला तोच खड्डा टाळता येईल.

यंत्राला इजा होण्याची भीती तुम्ही व्यक्त केली आहे, तर तिचीही सोय सांगतो. रोबो बंद पाडायला तो आपटावा लागत नाही. मुख्य वीजपुरवठ्याच्या तारेत दूरनियंत्रित स्विच घाला आणि तो परीक्षकाच्या हातात द्या. संपर्क तोडायला रिलेच्या अँटेनावर धातूचा डबा पालथा घाला. दोन्हींना मिळून फेरीमागे काही मिनिटं जातात आणि काहीही मोडत नाही. फेऱ्या आखायला, चिठ्ठ्या टाकायला आणि नोंदी ठेवायला आमच्यातले चालक येतील. पुढच्या निकषपत्राचा मसुदा अंतिम होण्याआधी तसं कळवा. आणि यातली एखादी मागणी नामंजूर करणार असाल, तर तिचं तांत्रिक कारण लेखी द्या, तेही जाहीर.

आपले,
रोबोंच्या तुकड्या चालवणारे, दुरुस्त करणारे आणि धुणारे